कोणत्या शिखरावर?

गेल्या वर्षी २६ जुलैला मुलुंडच्या एका मराठी शाळेत मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. सकाळपासून पाऊस धरून होता. मुंबईकराला २६ जुलै म्हटलं की आधी २००५ सालचा पाऊस आठवतो, सांताक्रूझला एका दिवसात पडलेला ९४४ मिलिमीटर, आणि मग कारगिल विजय दिवस. शाळेच्या सभागृहात ओल्या छत्र्यांचा आणि ओल्या मोज्यांचा वास कोंडला होता. मुलं सतरंजीवर मांडी घालून बसली होती. मंचामागे फ्लेक्स लावलेला, त्यावर बर्फाचे डोंगर, तिरंगा आणि मधोमध बाबांचा फोटो. तो माझ्याकडूनच व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेतला होता. फोटोखाली ठळक अक्षरांत 'कारगिल वीर मेजर' असं लिहिलेलं आणि पुढे बाबांचं नाव.

माझे बाबा कारगिलला लढले नाहीत. कारगिलचं युद्ध १९९९ सालचं. बाबा त्याच्या अकरा वर्षं आधी, फेब्रुवारी १९८८ मध्ये, श्रीलंकेत जाफन्याजवळच्या एका रस्त्यावर गेले.

कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईंना मी हळूच बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. फुलांचे हार त्यांनी रात्री जागून स्वतः ओवले होते, रांगोळीही त्यांचीच होती. "अगं बाई, असं का? मला वाटलं... मॅडम, आता फ्लेक्सचं काय करू?" म्हणाल्या. आणि मग, माझा हात हातात घेऊन, "मुलांना कारगिल माहितीये हो. तेवढं समजतं त्यांना." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी मंचावर गेले, पंधरा मिनिटं बोलले. बाबांच्या पत्रांबद्दल बोलले, शिस्तीबद्दल बोलले. श्रीलंका हा शब्द मी उच्चारला नाही. शेवटी सातवीतल्या एका मुलानं हात वर केला. बारीक, चष्म्याचा, शर्टाची एक बाजू बाहेर आलेली. त्यानं विचारलं, "तुमचे बाबा कोणत्या शिखरावर होते?"

मी म्हटलं, "ते शिखरावर नव्हते, बाळा."

तो पुढचं ऐकायला थांबला. मी तोंड उघडणार इतक्यात घंटा झाली आणि सगळे राष्ट्रगीताला उभे राहिले. त्या पूर्ण वेळात तो सावधान उभा राहून माझ्याकडेच बघत होता. मग मुलांच्या रांगा लागल्या आणि तो त्या रांगेत गेला. परतीच्या गाडीत ठाणे मागे पडलं, डोंबिवली आली, तरी माझ्या अर्ध्या राहिलेल्या वाक्यापाशीच मी होते. घरी येऊन आईला काही सांगितलं नाही. ती मात्र विचारत राहिली, "कसा झाला गं कार्यक्रम?" मी म्हटलं, छान झाला.

वडील सैन्यात होते आणि ते गेले, एवढं कळलं की समोरच्याच्या तोंडून आपसूक 'कारगिल?' येतं. नाही, श्रीलंका, असं म्हटलं की एक क्षण शांतता पसरते. तिकडे आपलं युद्ध कधी झालं? मग मी सांगायला लागते. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या, आपली शांतिसेना तिकडे उतरली, तमिळ बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची आणि आपण मध्ये उभं राहायचं असं ठरलं होतं. ऑक्टोबर उजाडला तेव्हा, दिवाळीच्या तोंडावर, त्याच बंडखोरांशी जाफन्याच्या गल्लीबोळांत आपली लढाई जुंपली. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. तोवर आपले जवळपास १२०० जण गेले होते. परतणाऱ्यांच्या स्वागताला मद्रासच्या बंदरावर तामिळनाडूचे मुख्यमंत्री गेले नाहीत. एवढं सगळं लोकलच्या दारात उभं राहून कुर्ल्यापासून घाटकोपरपर्यंत सांगून होत नाही. ऐकणाऱ्याची चूक नसते, पण त्याचे डोळे दुसरीकडे वळलेले दिसतात आणि मी थांबते. अशी थांबण्याची मला इतक्या वर्षांची सवय झाली आहे, आणि त्या दिवशी शाळेत मी सवयीनंच थांबले, हे मला आता पटत चाललं आहे.

तेव्हा आम्ही गिरगावात आजी-अण्णांकडे होतो. बाबांची पलटण निघाली म्हणून आई मला घेऊन छावणीतलं क्वार्टर सोडून चाळीतल्या दोन खोल्यांत आली. मी पहिलीत होते. पेपरात 'शांतिसेना' असा शब्द यायचा, तो मी अक्षरं लावून वाचायचे आणि मला फार बरं वाटायचं. शांतीच्या सेनेत कोण कशाला मरेल? अण्णा पेपर वाचून झाला की आतलं पान घडी घालून उशीखाली ठेवायचे. पुढे मला कळलं, जाफन्याच्या बातम्या त्या पानावर असायच्या आणि त्या आजीच्या दृष्टीस पडू नयेत अशी त्यांची धडपड होती.

बाबांची पत्रं 'द्वारा ५६ एपीओ' अशा सैनिकी टपालाच्या पत्त्याची यायची. त्या पत्त्यावरून माणूस कुठं आहे ते कळत नाही, म्हणूनच तो पत्ता असतो. पण बाबा लिहीत असत. इथं एकही डोंगर नाही, नजर जाईल तिथवर ताडाची झाडं. माती आपल्या देवगडसारखी तांबडी. इथल्या बायका सकाळी उठून अंगणात तांदळाच्या पिठाची रांगोळी घालतात, ठिपके मांडून, एक रेघ न तोडता. हे माझ्यासाठीच्या पत्रात असायचं. आईला लिहिलेलं एक पत्र मी विसाव्या वर्षी वाचलं. त्यात होतं, ज्या अंगणात सकाळी रांगोळी बघितली त्याच अंगणात बुटानं रांगोळी तुडवत झडतीला जावं लागतं, आणि म्हातारी आजी दाराशी उभी राहून फक्त बघते, काही बोलत नाही. मला आपल्या आईची आठवण होते. ते वाचल्यापासून मला बाबा जास्त आपले वाटतात. जाफन्यातही त्या महिन्यांत बाप गमावलेल्या मुली आहेत आणि त्यांतल्या काहींचे बाप आपल्या सैन्याच्या गोळ्यांनी गेले. हे म्हटल्याशिवाय मला बाबांबद्दल लिहिताच येणार नाही. त्यांनी ती म्हातारी पाहिली होती.

तार आली तेव्हा दुपार होती आणि नळाला पाणी आलं होतं. तारवाल्याला वाट देण्यासाठी गॅलरीतल्या बायकांनी कळशा बाजूला केल्या, एवढं मला नीट आठवतं. तार इंग्रजीत होती. ती शेजारच्या काकांनी वाचली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली नाही. त्यांनी ती घडी करून अण्णांच्या हातात दिली आणि जमिनीवर बसले.

बाबांना तिकडेच अग्नी दिला. शव घरी पाठवायची पद्धत तेव्हा नव्हती. ती कारगिलच्या वेळी सुरू झाली. आमच्याकडे अस्थी आल्या आणि त्यांच्यामागून पंधरा दिवसांनी काळी ट्रंक आली. झाकणावर पांढऱ्या रंगात बाबांचा नंबर, हुद्दा आणि नाव. ट्रंक घेऊन आलेल्या हवालदारानं आत काय काय आहे त्याची यादी आणली होती आणि आईनं एकेका वस्तूपुढे सही करायची होती. स्वेटर एक. दाढीचं सामान एक. ट्रान्झिस्टर एक. बूट एक जोड. स्टीलचा डबा एक. तो डबा आमचा होता. संक्रांतीला आईनं तिळाच्या वड्या करून पाठवल्या होत्या, त्या पोचल्या की नाही हे तिला कळलंच नव्हतं. तिनं झाकण उघडलं तर डबा निम्मा रिकामा. आई तेव्हा पहिल्यांदा रडली, आणि रडता रडता म्हणत होती, "खाल्ल्या, खाल्ल्या." मला ते समजलं नाही. मला वाटलं, वड्या संपल्या म्हणून ती रडते आहे.

आजीनं बूट उचलले. ते पॉलिश केलेले होते, पण तळव्याच्या खाचांत माती वाळून घट्ट बसली होती. तांबडी. आजीनं चष्मा लावला, बूट उजेडात धरला, बोटानं ती माती चाचपली आणि म्हणाली, "ही तर आपलीच." देवगडची. अण्णांनी तिला समजवायचा प्रयत्न केला. तिनं ऐकून घेतलं आणि मग केसातला आकडा काढून ती एकेक खाच कोरत बसली. खाली पेपर पसरला होता. चिमूटभर माती निघायला तिला अर्धा तास लागला असेल. ती तिनं कुंकवाच्या जुन्या पितळी करंड्यात भरली आणि करंडा देवघरात ठेवला. हवालदार उभाच होता. त्यानं मान खाली घातली होती. हे बूट साहेबांच्या पायात त्या दिवशी नव्हते, ही दुसरी जोडी, असं तो हळूच अण्णांना म्हणाला. अण्णांनी त्याला खूण केली आणि तो गप्प झाला. आजी जाईपर्यंत तिला हे कुणी सांगितलं नाही.

त्यानंतरचे दोन प्रश्न माझ्या कानात राहिले आहेत. एका कार्यालयात आईबरोबर मी बाकावर बसले होते आणि टेबलामागचा माणूस कागद खालीवर करत म्हणाला, "हे युद्ध होतं का पण? जाहीर झालं होतं?" आईकडे पलटणीचा कागद होता, त्यावर 'बॅटल कॅज्युअल्टी' असे शब्द होते. तिनं तो पुढे सरकवला आणि बोट त्या शब्दांवर ठेवलं. दुसरा प्रश्न त्याच वर्षी पितृपक्षात गुरुजींनी विचारला, अगदी मायेनं. "शस्त्रानं गेले ना? अपघात नव्हे?" शस्त्रानं गेलेल्यांचं श्राद्ध तिथी कुठलीही असो, चतुर्दशीला करतात, घातचतुर्दशी. सुरुंगाला शस्त्र म्हणायचं की नाही यावर अण्णा आणि गुरुजी बराच वेळ बोलत होते. शेवटी चतुर्दशी ठरली. आजही आम्ही त्याच दिवशी करतो. कार्यालयात आईचा जीव कानकोंडा झाला होता, पण गुरुजींच्या प्रश्नानं तिला आधार वाटला, असं ती सांगते. कुणीतरी बाबा नेमके कसे गेले ते समजून घेत होतं.

बाबा कसे गेले हे आम्हाला सांगितलं त्यांच्या सुभेदारांनी. बाबा बॉम्बे सॅपर्सचे, खडकीच्या केंद्रात घडलेले. सॅपरचं काम रस्ते करायचं, पूल बांधायचं आणि रस्त्यात पेरलेलं काढायचं. १९८९ च्या मे महिन्यात सुभेदार साहेब सुट्टीवर आले ते गावी जायच्या आधी आमच्याकडे आले. साताऱ्याकडचे, भरघोस मिशांचे, चाळीच्या जिन्यात वाकून चढणारे. खुर्ची दिली तरी बसेनात. चहा उभ्यानं घेतला. मग आईनं "बसा हो दादा" म्हटल्यावर कडेला टेकले. म्हणाले, रस्त्याखाली मोरी होती. बंडखोर पाण्याच्या जेरीकॅनमध्ये सुरुंगाची दारू भरून ती तशा मोऱ्यांत ठेवत आणि वायर लांब झाडीत नेत, तिथं माणूस बसलेला. मागून आपल्या गाड्या यायच्या होत्या. वायर मला दिसली. मी म्हटलं, साहेब, मी जातो. साहेब म्हणाले, तू मागं हो. "मला मागं पाठवलं, वहिनी," असं ते तीनदा म्हणाले आणि कप बशीत ठेवताना त्यांचा हात इतका हलत होता की चहा बशीभर सांडला.

मी आईच्या मागे उभी होते. आठ वर्षांची. मला त्या माणसाचा राग आला. तुम्ही का नाही गेलात, असं मला ओरडावंसं वाटलं. मी ते कधी बोलले नाही, आज पहिल्यांदा लिहिते आहे. सुभेदार साहेब पुढे दर दिवाळीला पोस्टकार्ड पाठवायचे, मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, नातू झाल्याचं कळवलं. ती मुलगी माझ्याच वयाची. तिच्या लग्नाला आई गेली, मी गेले नाही, परीक्षेचं कारण सांगितलं. बाबांनी एका मुलीचा बाप परत पाठवला आणि ती मुलगी मी नव्हते, हे मला फार उशिरापर्यंत गिळता आलं नाही. सुभेदार साहेब गेले तेव्हा मात्र मी साताऱ्याला गेले. त्यांच्या घरात भिंतीवर पलटणीचा एक फोटो होता, त्यात बाबा मधल्या रांगेत, हसताना. आमच्याकडे त्यांचा हसतानाचा फोटो नव्हता. त्यांच्या मुलीनं तो भिंतीवरून काढून, पुसून माझ्या हातात दिला. मी तिला धरून रडले. शाळेच्या फ्लेक्सवर होता तो याच फोटोतून मोठा करून घेतलेला.

२१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली आणि लिट्टे हे त्या तमिळ बंडखोरांच्या संघटनेचं नाव चाळीत ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. आमच्या घरात ते तीन वर्षं आधीच येऊन बसलेलं होतं. मग १९९९ आलं. मी कॉलेजात होते. टीव्हीवर रोज तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या, गावंच्या गावं लोटलेली, घोषणा. स्टेशनांवर मदतनिधीचे डबे फिरत होते, मीही पैसे टाकले. एका संध्याकाळी आई भाजी निवडता निवडता टीव्हीकडे बघत म्हणाली, "बरं झालं बाई. निदान त्या पोरींना चेहरा तरी बघायला मिळतो." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. अकरा वर्षं ती हे मनात धरून होती, हे मला तोवर माहीत नव्हतं. कारगिलबद्दल माझ्या मनात कधी आकस आला नाही. तिथल्या पोरांनी जे केलं ते सरळ उभ्या कड्यावर चढून केलं आणि त्यांचं जितकं नाव होईल तितकं थोडंच. पण दुःखाला डोंगर लागतो की काय, असं मला त्या दिवसांत वाटून जायचं. सपाट जमिनीवरचं कुणाला दिसत नाही.

पार्ल्याला पुलावरून जाताना कॅप्टन विनायक गोरे यांचं नाव दिसतं. तेही कारगिलच्या आधीचे, १९९५ मध्ये काश्मीरमध्ये गेलेले. रिक्षावाल्याला तो नुसता पूल असतो, पण रोज हजारो लोक ते नाव वाचतात, निदान डोळ्यांखालून जातं. माटुंग्याच्या एसआयईएस शाळेवरून जाताना मी नेहमी थबकते. मेजर रामस्वामी परमेश्वरन इथं शिकले, मुंबईतच जन्मले. महार रेजिमेंटचे. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून घेतली आणि शेवटपर्यंत आपल्या माणसांना हुकूम देत राहिले. श्रीलंकेतल्या त्या सगळ्या मोहिमेतलं एकुलतं एक परमवीर चक्र त्यांचं. आपल्या शहरातला मुलगा. शाळकरी पोरांना शिखरांची नावं पाठ असतात, त्यांत एक हे नाव सहज मावलं असतं.

कोलंबोजवळ, त्यांच्या संसदेच्या परिसरात, श्रीलंकेनं शांतिसेनेचं स्मारक बांधलं आहे. काळा दगड आणि नावं. ते मी फोटोत पाहिलं आहे. दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक २०१९ च्या फेब्रुवारीत झालं, आणि त्या दिवाळीच्या सुट्टीत मी आईला घेऊन गेले. त्यागचक्राच्या गोल भिंतींवर पंचवीस हजारांहून जास्त नावं, एका विटेवर एक. बाबांचं नाव सापडायला आम्हाला बराच वेळ लागला. आईचे गुडघे दुखत होते, तरी बसायला तयार नव्हती. सापडलं तेव्हा तिनं पदरानं ती वीट पुसली. ती स्वच्छच होती. मग आजूबाजूच्या विटा वाचायला लागली, एकेक नाव, मोठ्यानं. "हे सगळे बरोबर होते का गं?" तिनं विचारलं. त्या भिंतीवर बाबा कुणाच्या शेजारी आहेत हे तिला बघायचं होतं.

तर तो मुलगा. 'ते शिखरावर नव्हते' एवढं अर्धं ऐकून गेलेला. सप्टेंबरात, घातचतुर्दशीचं श्राद्ध झाल्यावर मी आईला शाळेतलं सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. तिनं देवघरातून करंडा काढला, रुमालात बांधला आणि माझ्यापुढे ठेवला. "ने. पण उघडू नकोस, पंख्यानं उडेल." मी बाईंना फोन केला. त्यांनी तो उचलला आणि मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, "मॅडम, मी पण तेव्हापासून तुम्हाला फोन करीन करीन म्हणत होते."

सातवी ब चा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मधल्या सुट्टीनंतरचा तास, पोरांच्या डब्यांतल्या लोणच्याचा वास अजून दरवळत होता. भिंतीवर भारताचा राजकीय नकाशा टांगलेला, खालचा दांडा एका बाजूनं सुटलेला. राज्यं गुलाबी, पिवळी, हिरवी. गावं, नद्या, रेल्वे. खाली समुद्रात श्रीलंका, फिकट, रिकामी, फक्त नाव लिहिलेलं. एकही गाव नाही. तो चष्म्याचा मुलगा तिसऱ्या बाकावर होता. मी त्याला पुढे बोलावलं. म्हटलं, त्या दिवशी तू विचारलंस ना, त्याचं उत्तर राहिलं होतं. तिथं शिखरं नाहीत. ताडाची झाडं आहेत आणि तांबडी माती. मी रुमाल सोडून करंडा टेबलावर ठेवला. सगळा वर्ग पुढे वाकला. तो मुलगा करंड्याकडे बघत राहिला, मग नकाशाकडे गेला, टाचा उंचावल्या आणि त्या फिकट आकाराच्या मधोमध बोट टेकवलं.

"इथं?"

"नाही," मी म्हटलं. "अजून वर. अजून थोडं."